शिवणयंत्र बाईचे, शिलाईचा भाव कोणाचा?

आपल्या नांदेड-लातूर भागात सार्वजनिक कार्यक्रमांतून वाटल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी केली, तर शिलाई मशीनचा क्रमांक त्यात फार वर लागेल. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण आणि समाजकल्याण विभागांच्या योजनांत शिलाई मशीन, पिको-फॉल मशीन ही वर्षानुवर्षांची ठरलेली बाब आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, शेतकऱ्याच्या आत्महत्येने उघड्यावर पडलेल्या कुटुंबाला द्यायचा आधार असो, की एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन असो. मंचासमोर ओळीने मशिने मांडलेली असतात आणि त्यांच्यामागे डोईवर पदर घेतलेल्या बाया उभ्या असतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. त्या योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची तरतूद आहे.

देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कार्यक्रम संपला, टेंपोतून मशीन घरी गेले, पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच विचारला जातो. ते मशीन रोज किती तास चालते? कोणाचे कापड शिवते? एका नगाचा भाव कोण ठरवतो? उत्पादनाचे साधन श्रमिकाच्या मालकीचे झाले की श्रमिक मुक्त होतो, असे आपल्यापैकी अनेकजण मनोमन धरून चालतात. शिवणयंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. साधन हाती येऊनही श्रमाचे मोल परक्याच्याच हाती राहू शकते, हे ज्या यंत्राने जगाला सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे दाखवले, ते हेच यंत्र होय. त्यासाठी आरंभ त्याच्या शोधकापासून केला पाहिजे.

एका लंगड्या कारागिराचा शोध

यंत्राने शिवण्याची कल्पना एकाच डोक्यातून निघालेली नाही. १७९० मध्ये इंग्लंडमधील थॉमस सेंट याने तसा एक नमुना नोंदवला होता. १८३० मध्ये बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने साखळी टाक्याचे यंत्र बनवून त्याचा हक्क मिळवला. पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी त्याची सुमारे ऐंशी यंत्रे बसवली गेली. १८३१ च्या जानेवारीत पोट जाण्याच्या भीतीने चवताळलेल्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. तिमोनिए स्वतः शिंपी होता आणि शिंप्यांनीच त्याची यंत्रे फोडली. पुढे १८५७ मध्ये तो दारिद्र्यातच वारला. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १८३४ च्या सुमारास दोन दोऱ्यांचे यंत्र तयार केले. पण त्याने त्याचा हक्क नोंदवलाच नाही. शिवणकामावर जगणाऱ्या स्त्रियांचे काम जाईल म्हणून तो थांबला, असे सांगतात.

ज्याच्या नावावर हा शोध पक्का झाला तो एलियास हाऊ. १८१९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, जन्मापासून एका पायाने अधू. सूतगिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात तो उमेदवारी करत होता. पुढे बॉस्टनच्या एका उपकरणे बनवणाऱ्या कारागिराकडे लागला. पगार आठवड्याला ९ डॉलर, प्रकृती तोळामासा, पदरी बायको-मुले. घर चालावे म्हणून त्याची पत्नी रात्री लोकांचे कपडे शिवायला घेई. अंथरुणावर पडून तो तिच्या हाताची हालचाल पाहत राहायचा, अशी त्याच्याविषयीची कथा प्रसिद्ध आहे.

हाताच्या सुईला नेढे मागच्या टोकाला असते आणि सबंध सुई कापडाच्या आरपार न्यावी लागते. यंत्राला ते जमत नव्हते. हाऊने नेढे सुईच्या अणकुचीदार टोकापाशी घेतले. सुई कापडात थोडीशी शिरून मागे फिरे, त्या क्षणी दोऱ्याचा जो फास तयार होई त्यातून खालचा धोटा दुसरा दोरा घेऊन निघून जाई. धोटा ही मागाची वस्तू. विणकराच्या मागावरून ती शिंप्याच्या यंत्रात आली. १८४५ मध्ये बॉस्टनच्या एका कपड्याच्या कारखान्यात पाच शिवणाऱ्या स्त्रियांसमोर त्याने यंत्र चालवून दाखवले. प्रत्येकीने एकेक शिवण घ्यायची आणि त्याने एकट्याने पाच. त्याच्या पाच आधी पुऱ्या झाल्या. यंत्र मिनिटाला अडीचशे टाके घालत होते. १० सप्टेंबर १८४६ रोजी त्याला हक्कपत्र मिळाले.

तरीही यंत्र कोणी विकत घेईना. किंमत ३०० डॉलर होती. भावाकरवी लंडनच्या एका काचोळी बनवणाऱ्याला त्याने यंत्र व इंग्लंडमधील हक्क अवघ्या २५० पौंडांत विकले आणि त्याच्याच कारखान्यात आठवड्याला ३ पौंडांवर नोकरी धरली. तेथे बिनसले. परतीच्या खर्चासाठी यंत्राचा नमुना आणि हक्कपत्र गहाण पडले. तो मायदेशी पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याची पत्नी क्षयाने गेली. ज्या बाईच्या हातांकडे पाहून यंत्र सुचले असे म्हणतात, तिच्या वाट्याला त्या यंत्राचा एक पैसाही आला नाही.

तोवर त्याच्या धोट्याचा आणि सुईचा वापर करून इतरांनी यंत्रे विकायला सुरुवात केली होती. त्यांत आयझॅक सिंगर हा आघाडीवर. हाऊने खटले भरले, १८५४ मध्ये जिंकले, आणि १८५६ मध्ये चार मोठ्या हक्कदारांनी भांडण मिटवून एक संघटन उभे केले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे हाऊला ५ डॉलर मिळू लागले. त्याच वर्षी सिंगरच्या कंपनीने हप्त्याने यंत्र विकण्याची रीत सुरू केली. ३ ऑक्टोबर १८६७ रोजी हाऊ मरण पावला तेव्हा तो श्रीमंत माणूस होता. शोधकाला त्याचे मोल मिळाले, विक्रेत्याला तर भरमसाट मिळाले. यंत्र चालवणारीच्या हाती काय आले, एवढा प्रश्न उरला.

वाचलेले तेरा तास

१८६१ मध्ये अमेरिकेतील एका यंत्र-कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात असे दाखवले होते की पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागतात आणि यंत्राने १ तास १६ मिनिटे. विक्रेत्याची अतिशयोक्ती वजा केली तरी हा फरक थोरला आहे. एका शर्टामागे सुमारे तेरा तास वाचले. अर्थशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे, की हे तेरा तास गेले कुठे? शिवणारीला तेवढी विश्रांती मिळाली काय? की तेवढी जास्त मजुरी मिळाली?

हातशिवणीचा काळ सुखाचा होता असे मुळीच नाही. थॉमस हूडने लंडनच्या शिवणारीवरची आपली गाजलेली कविता १८४३ मध्ये लिहिली, म्हणजे हाऊच्या हक्कपत्रापूर्वी तीन वर्षे. दैन्य आधीपासूनच होते. यंत्र आल्यावर ते संपायला हवे होते. तसे झाले नाही. ज्या वर्षी हाऊ वारला त्याच वर्षी, १८६७ मध्ये, मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. कपड्यांच्या धंद्यात खरी उलथापालथ घडवणारे यंत्र म्हणून मार्क्सने त्यात शिवणयंत्राची नोंद घेतली आहे. तरुण मुली यंत्रावर आल्या, म्हाताऱ्या बाया आणि लहान मुले हलक्या कामातूनही बाहेर फेकली गेली, आणि स्पर्धेत सर्वांत दुबळ्या हातकामगारांचा चुराडा झाला, असे त्याचे निरीक्षण होते. नगाचा भाव यंत्राच्या वेगाच्या प्रमाणात खाली आला. वाचलेले तास कापड देणाऱ्याच्या खिशात गेले, आणि काही अंशी स्वस्त शर्टाच्या रूपाने ग्राहकाकडे.

हे नेहमीच निमूटपणे चालले असे नाही. यंत्रांची रांग एका छपराखाली आली तेव्हा चालवणाऱ्या मुलीही एका छपराखाली आल्या. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्ट-ब्लाउज कारखान्यांतील सुमारे वीस हजार कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. कारखान्याने त्यांना पिळले, पण एकत्रही आणले. घरोघरी विखुरलेल्या यंत्राला ही दुसरी बाजू नाही, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

गांधीजींचा अपवाद आणि लोहियांचे छोटे यंत्र

यंत्रांविषयी कठोर असणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला होता. १९२४ मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राची वाखाणणी केली. पत्नी शिवताना दमते हे पाहून तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते बनवले, अशी कथा त्यांच्या कानी आली होती. ती कथा सिंगरच्या चरित्राशी जुळत नाही. हाऊच्या कथेशी ती पुष्कळशी जुळते. पण महत्त्वाचे आहे ते रामचंद्रन यांनी पुढे विचारलेले. हे यंत्र चालेल, तर ते बनवणारा कारखाना लागेल, त्याचे काय? यावर, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत असे म्हणण्याइतका मी समाजवादी आहे, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. यंत्रामागे हाव असू नये, माणूस असावा, एवढीच त्यांची अट होती.

डॉ. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा विचार मांडला. थोड्या भांडवलात बसणारे, गावात चालणारे, माणसाला बेकार न करणारे यंत्र त्यांना हवे होते. शिलाई मशीन त्या वर्णनात जवळजवळ तंतोतंत बसते. मग ज्या घराघरांत ते पोचले तेथे समाजवादाचे एखादे तरी पाऊल का उमटले नाही? कारण त्या घरात यंत्र तेवढे छोटे आहे. कापडाची गिरणी, ठोक व्यापारी, निविदा, तयार कपड्यांचा बाजार हे सारे मोठेच राहिले आहे. मोठ्या बाजाराच्या टोकाला बांधलेले छोटे यंत्र त्या बाजाराच्याच तालावर चालते. लोहियांचा विचार यंत्राच्या आकारापुरता घेतला तर तो अर्धाच घेतल्यासारखे होईल.

आपल्या मुलखातील शिवण

मराठवाड्यात शिवणाची परंपरा जुनी आहे. संत नामदेव शिंपी होते. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे त्यांचे गाव मानले जाते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात ज्या गुरू ग्रंथसाहिबासमोर लाखो माथे टेकतात, त्यात नामदेवांची पदे आहेत आणि शिंप्याच्या गज-कात्री-सुईची रूपकेही आहेत. पण अंगभर शिवलेल्या कपड्यांची रीत आपल्याकडे सार्वत्रिक नव्हती. लुगडे, धोतर, पटका ही सारी न शिवता नेसायची-बांधायची वस्त्रे. शिवायचे ते चोळी, बंडी, पैरण, आणि घरातल्या बाईने धावदोरा घालून जोडलेली वाकळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात सिंगरचे यंत्र भारतात विकले जाऊ लागले. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ हे देशी यंत्र काढले, पुढे लुधियानाच्या लहान कारखान्यांनी ते आणखी स्वस्त केले. पेठेतल्या शिंप्याच्या ओट्यावरून ते हळूहळू गल्लीबोळांत आणि मग बायांच्या हाती आले.

कापूस तर आपल्याच काळ्या रानातला. गावराणी कापूस नांदेडच्या बाजूचा, आणि ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण तर नांदेडच्या संशोधन केंद्रानेच दिला. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने येथे होते, निजामाच्या राजवटीत उभी राहिलेली उस्मानशाही मिल होती. ती मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. आज कापूस येथून बाहेर जातो, सूत कोठे होते, कापड भिवंडी-इचलकरंजीला, कपडा तिरुपूरला, आणि तयार शर्ट नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत विकायला येतो. या लांब साखळीतील एकच कडी आपण मराठवाड्यात वाटतो आहोत: शिवणारे हात आणि त्यांपुढचे मशीन. आधीच्या आणि नंतरच्या सर्व कड्या दुसऱ्यांच्या हाती आहेत.

परिणाम समोर आहे. घरी मशीन असलेल्या बाईला काम मिळते ते मुख्यतः तीन प्रकारचे. शेजारपाजारच्या बायांचे ब्लाउज, परकर, फॉल-पिको हा पहिला प्रकार. दुकानदाराने किंवा ठेकेदाराने कापून दिलेले कपडे नगावर शिवून देणे हा दुसरा. शाळांचे गणवेश हा तिसरा. पहिल्यात ग्राहक तितकेच राहतात आणि मशिने वाढत जातात. एका गल्लीत दोन होत्या तेथे योजनेतून आणखी चौघी आल्या, की ब्लाउजची शिलाई वाढत नाही. ती एकमेकींच्या पोटावर पाय देऊन उतरते. पुरवठा वाढला आणि मागणी तशीच राहिली तर भाव पडतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मशीन देणारा मात्र आपण चार रोजगार निर्माण केले असे लिहून मोकळा होतो.

मशीनमुळे काहीच भले झाले नाही असे कोणी म्हणणार नाही. घराबाहेर पडण्यास मज्जाव असलेल्या बाईला स्वतःचा चार पैसे मिळवण्याचा मार्ग लाभला. मुलीची फी भरली गेली, दारूड्या नवऱ्यासमोर मान ताठ झाली. कंधार-मुखेडसारख्या भागातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत एखादी तरी बाई मशीनच्या आधाराने गावी टिकली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर एकाकी पडलेल्या स्त्रियांपुढे जे थोडके मार्ग होते, त्यांत शिवण हा एक होता. हे मोल कमी नाही. पण एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे त्या बाईने जगण्यापुरतेच मिळवावे, असे ठरवून टाकणे होय.

गणवेशाने दिलेला धडा

२०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षासाठी महाराष्ट्र शासनाने ‘एक राज्य एक गणवेश’ असे धोरण आखले. कापडाची खरेदी राज्यपातळीवरून झाली, शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत आणि शाळांमार्फत स्थानिक बचत गटांना द्यायचे ठरले. वरवर पाहता ही आपल्या मागणीजवळ जाणारी योजना. सरकारी काम गावच्या बायांना मिळावे, यापेक्षा चांगले काय? परंतु स्काउट-गाइड धर्तीच्या दुसऱ्या गणवेशासाठी जो दर ठरला तो एका गणवेशामागे १०० रुपये शिलाई आणि १० रुपये अनुषंगिक खर्च असा होता.

हा हिशोब करून पाहू. त्याच वर्षी महाराष्ट्रात मनरेगाच्या कामावरील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एवढी मजुरी मिळवायला बाईला दिवसाकाठी तीन गणवेश शिवणे भाग होते. तीन गणवेश म्हणजे वरचे-खालचे मिळून सहा कपडे. कॉलर, खिसे, काजे, गुंड्या, शिवणीच्या कडा यांसह. १८६१ च्या त्या तक्त्यातील यंत्राचा वेग धरला, आणि प्रत्येक कपड्याला शर्टाइतकाच वेळ लावला, तर साडेसात तासांहून अधिक वेळ नुसत्या शिवणीला जातो. आजचे विजेवरचे मशीन त्याहून वेगाने चालते हे खरे. पण काजे-गुंड्या, इस्त्री, चुकले तर उसवून पुन्हा टीप मारणे हे सगळे त्याच शंभर रुपयांत बसवायचे. दोरा, सुया, वीज, मशीनची झीज-दुरुस्ती दहा रुपयांत भागली नाही तर तीही त्यातूनच. मशीन तिचे असल्यामुळे त्याचा खर्चही तिचा. खड्डा खणणाऱ्या मजुराइतकी मजुरी मिळवण्यासाठी कुशल कारागीर बाईने स्वतःचे यंत्र, स्वतःची जागा आणि स्वतःची वीज घालायची, असा या दराचा अर्थ होतो.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जून २०२४ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा बहुतेक मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. पुष्कळ ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी आला नाही. मापांच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढील वर्षापासून गणवेशाची खरेदी पूर्वीप्रमाणे शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. योजना फसली याचे खापर काही ठिकाणी बचत गटांच्या बायांवर फोडले गेले. कापड कोणते, किती, केव्हा आणि कोणत्या मापाचे, यांतील एकही निर्णय त्यांच्या हाती नव्हता. जे त्यांच्या हाती होते ते फक्त मशीनचे चाक.

मालकीने हिरावलेला हक्क

येथे एका न्यायनिर्णयाची आठवण ठेवणे कार्यकर्त्यांना उपयोगाचे आहे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा खटला निकालात निघाला. प्रश्न होता तेलंगण भागाला लागू असलेल्या दुकाने व आस्थापना कायद्याचा. १९५६ पर्यंत तो भाग आणि आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात एकत्रच होते. नगावर मजुरी घेणारे, ठरावीक वेळेचे बंधन नसलेले शिंपी हे दुकानाचे नोकर मानायचे की नाहीत? न्यायालयाने ते नोकरच आहेत असा निर्णय दिला. त्यासाठी दोन गोष्टींना वजन दिले गेले. काम नापसंत करून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानदाराला होता. आणि शिवणयंत्रे सर्वसाधारणपणे दुकानदाराच्या मालकीची होती.

हे दुसरे कारण पुन्हा वाचावे. यंत्र मालकाचे असल्यामुळे शिंपी कामगार ठरला, आणि कामगार ठरल्यामुळे सुट्टीचा, नोटिशीचा, संरक्षणाचा हक्कदार ठरला. आता यंत्र बाईच्या नावे केले, ते तिच्या घरी नेऊन ठेवले, की नोकरी-नात्याचा एक मोठा पुरावाच नाहीसा होतो. ठेकेदार म्हणतो, ती माझी कामगार कुठे आहे? ती तर स्वतंत्र उद्योजक आहे! कापड त्याचे, बेत त्याचा, भाव त्याचा, नापसंतीचा अधिकार त्याचा. आणि भाडे, वीज, दुरुस्ती व आजारपण तिचे. मशीनच्या दानाने मालकाचा भांडवली खर्च वाचला आणि कायदेशीर जबाबदारीही टळली. कोणी हे कारस्थान रचले असे मला म्हणायचे नाही. पण सार्वजनिक पैशातून होणाऱ्या वाटपाचा एक परिणाम असाही होतो, हे नाकारता येणार नाही.

घरी काम करणाऱ्याला कामगार मानता येत नाही, हा युक्तिवादही टिकणारा नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले होते, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून दुसऱ्यासाठी माल बनवणाऱ्यांसाठी, करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आता जुने कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. नियम कसे होतात आणि कोणासाठी होतात यावर लक्ष ठेवणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.

काय मागावे, काय करावे

पहिली मागणी भावाची. सरकारी किंवा निमसरकारी शिलाईचा प्रत्येक दर वेळेच्या मोजणीवरून ठरला पाहिजे. एक गणवेश शिवायला कुशल बाईला सरासरी किती मिनिटे लागतात हे तिच्यासमोर बसून मोजावे, त्याला शिंपीकामाच्या किमान वेतनाने गुणावे, आणि यंत्र, वीज व दोरा यांचा खर्च वेगळा मिळवावा. असे केले म्हणजे यंत्राने वाचवलेल्या तासांतील काही वाटा प्रथमच यंत्र चालवणारीकडे येईल.

दुसरी मागणी कामाची. मशीन वाटण्याआधी ऑर्डर वाटा. शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, सरकारी रुग्णालयांच्या चादरी, अंगणवाड्या, पालिकांच्या सफाई कामगारांचे गणवेश यांची प्रत्येक जिल्ह्यात मिळून होणारी शिलाई लहान नाही. शेजारच्या सोलापूरने गणवेशाच्या धंद्यात नाव मिळवले आहे, लातूरात राज्यभरातून विद्यार्थी येतात. मागणी नाही असे कोण म्हणेल? ही शिलाई तालुकावार स्त्रियांच्या सहकारी संस्थांना मिळाली पाहिजे. कापड निवडणे, मापे घेणे आणि कपडा बेतणे ही कामेही त्याच संस्थांकडे हवीत. जो बेतत नाही त्याच्या हाती भाव राहत नाही, हे २०२४ ने पुन्हा शिकवले आहे.

तिसरी मागणी मंडळाची. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्राने देशाला एक वाट दाखवली. हमालाचा एकच असा मालक नसतो, तरीही मंडळामार्फत त्याची नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिधी यांची सोय होऊ शकते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. नगावर शिवणाऱ्या बायांचेही अनेक मालक असतात. ठोक काम देणाऱ्या प्रत्येकाकडून शिलाईच्या प्रमाणात अंशदान घेणारे आणि त्यातून आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांची तरतूद करणारे मंडळ का होऊ नये? डोळे अधू झालेली आणि पाठ धरलेली शिवणारी बाई प्रत्येक वस्तीत भेटते. तिच्या नावावर मशीन आहे, पेन्शन नाही.

शासनाने हे आपणहोऊन केले असते तर लिहिण्याची गरज नव्हती. म्हणून चौथी गोष्ट मागणीची नव्हे, आपल्या कामाची. घरोघरी विखुरलेल्या मशिनींमागच्या बाया एकमेकींना ओळखत नाहीत. एकीने किती भावाने काम घेतले ते दुसरीला कळत नाही, आणि ठेकेदाराचे बळ याच अज्ञानात आहे. येत्या उन्हाळ्यात, गणवेशाचे काम निघण्यापूर्वी, आपल्या प्रत्येक शाखेने निदान एका वस्तीची यादी करावी: किती मशिने, किती चालू, कोण काम देतो, नगाला काय मिळते. ती यादी बायांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी. भावाची तुलना झाली की पुढचा प्रश्न त्या स्वतःच विचारतील.

पॅरिसच्या शिंप्यांनी यंत्रे फोडली तेव्हा त्यांचा संताप खरा होता, पण ज्यावर तो काढला ते खरे कारण नव्हते. आपण यंत्र फोडणारे नाही. हाऊच्या यंत्राने श्रमाचे तास वाचवले, हा त्या अधू कारागिराचा मानवजातीवर उपकारच आहे. ते तास कोणाला मिळावेत हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते, ते राजकारणाच्या हाती आहे. तेव्हा पुढच्या वेळी मंचासमोर ओळीने मशिने मांडलेली दिसली, तर आपल्या कार्यकर्त्याने उठून एवढेच विचारावे, की यांच्याबरोबर काम किती देणार आणि कोणत्या भावाने.